चाळीस बाभळींतली एक

आमच्या गावच्या तलावात रोज सकाळी एक म्हातारा ट्रॅक्टरच्या ट्यूबवर फळी टाकून बसायचा, हाताने वल्हवत आत जायचा आणि तासाभराने रिकाम्या हाताने परत यायचा. मासे मिळत नव्हते असं नाही, मासे धरतच नव्हते. घर लिंगायताचं, गळ्यात लिंग, अंड्याचं नाव निघालं तरी ताटावरून उठणारा माणूस. "आप्पा, आज बी मासा हुकला जणू?" असं पारावरचं कुणीतरी रोज विचारायचं आणि सगळे हसायचे. आठ वर्षं मी तोच विनोद ऐकला. आप्पाही रोज तेच उत्तर द्यायचे, "मोठा व्हता, सोडून दिला."

त्यांचं नाव चन्नबसप्पा बिराजदार, वय बहात्तर. मी तिथल्या जिल्हा परिषद शाळेतला मास्तर. लोहाऱ्याच्या स्टँडवरून जीपमध्ये चौदा जणांत पंधरावा होऊन बसलं की पाऊण तासात आमचं गाव येतं. जुनं गाव तलावात गेलं, हे नवं, सरळ रस्त्यांचं आणि सावली नसलेलं. गावाचं नाव मी लिहिणार नाही. आप्पा अजून तिथं आहेत, मीही तिथंच आहे, आणि मी काय केलं ते त्यांना अर्धंच माहीत आहे.

माझी बायको कळंबला शिक्षिका आहे, मुलगी तिच्याजवळ असते. पंधरा दिवसांनी शनिवारी दुपारची एसटी धरून मी तिकडे जातो. बाकीचे दिवस एक खोली, एका माणसाचा भात आणि शाळेतली तेवीस पोरं. पाचनंतर बोलायला कुणी नसतं. आप्पांशी माझी ओळख वाढली ती यामुळेच. नागूबाई, म्हणजे त्यांची बायको, मी आलो त्याच्या तिसऱ्या वर्षी गेली, आणि त्यांनाही पाचनंतर बोलायला कुणी उरलं नाही.

आता एक गोष्ट आधीच सांगतो. मला ती फार उशिरा कळली, पण तुमच्यापासून दडवून गोष्ट रंगवायचा मला काही अधिकार नाही. आप्पा पाण्यात जायचे ते आपल्या लेकीकडे. महानंदा तिचं नाव. एकोणीसशे नव्व्याण्णवच्या श्रावणात ती काविळीने गेली, तेव्हा दुसरीत होती. लिंगायतात माती देतात, आणि ज्यांना रान आहे ते बऱ्याचदा आपल्या रानातच देतात. आप्पांनी तिला ओढ्याकडच्या बांधावर, एका बाभळीच्या बुडाशी ठेवलं. त्या बाभळीवर दुसरं एक झाड वाढलेलं होतं, जमिनीला न टेकणारं, सालीला धरून राहिलेलं. उन्हाळ्यात त्याला फुलं यायची. पोरगी त्या फुलांसाठी बापाला काट्यांत चढायला लावायची, आणि शाळा सुरू झाल्यावर उरलंसुरलं फूल केसांत न माळता पाटीवर ठेवून शाळेत न्यायची, सगळ्या वर्गाने वास घ्यावा म्हणून. तिला तिथंच ठेवू या, असं नागूबाई म्हणाली. जागेवर त्यांनी दगड बसवला नाही. बाभूळ होतीच.

पुढं चार वर्षांनी तलाव झाला. मोजणीवाले आले तेव्हा घर, विहीर, बाभळी सगळं पंचनाम्यात आलं, लेक आली नाही. आप्पांनी सांगितलंच नाही. सांगितलं तर उकरून दुसरीकडे न्यायला लावतील, ही नागूबाईची भीती. शिवाय पाणी बांधापर्यंत येणार नाही, याची साऱ्या गावाला खात्री होती. पाऊस धड पडल्याचं आमच्याकडे कुणाला सहसा आठवत नाही, त्यामुळे अशी खात्री बाळगणं सोपं जातं. पहिल्याच चांगल्या वर्षी पाणी बांध ओलांडून वर गेलं.

ओढ्याकडचा तो भाग आता नुसती दलदल आहे. पावसाळ्यानंतर दोन पुरुष पाणी, उन्हाळ्यात कमरेएवढं, आणि खाली गाळ, असा की उतरलं तर मांडीपर्यंत पाय जातो. त्यात चाळीसेक बाभळी उभ्या आहेत. सगळ्या कधीच वाळलेल्या, राखाडी, वरून पाणकावळ्यांनी पांढऱ्या केलेल्या. एकीत आणि दुसरीत काही फरक दिसत नाही. फक्त एकीवर, उन्हाळ्यातल्या पाण्यापासून दहाबारा फुटांवर, हिरवागार पुंजका होता. खालची बाभूळ मेली होती आणि तो जिवंत होता. पाणी रोज खालीवर होतं, काठ सरकतो, निघायची जागा बदलते, म्हणून आप्पा त्या हिरव्यावर नजर ठेवून ट्यूब वल्हवायचे. डोळ्यांत मोतीबिंदू पिकत गेले तसे झाडांचे आकार पुसट होत गेले, तो हिरवा ठिपका मात्र त्यांना दिसत राहिला. मे महिन्यात तर बघायचीही गरज नसे. ते वासावर जायचे.

मला ते झाड पहिल्यांदा दाखवलं बलभीमने. बलभीम भोई तलावात मासे धरतो, दिवसाला दहा शब्द बोलतो. एका रविवारी मी त्याच्या थर्माकोलच्या तराफ्यावर बसून सहज आत गेलो आणि मान वर केली. चामड्याच्या पट्ट्यांसारखी जाड पानं, बोटाएवढी पांढुरकी मुळं सालीला घट्ट धरून राहिलेली, आणि फुलांचे दोन तुरे. पिवळट तपकिरी पाकळ्यांवर जाळीची नक्षी, मधे जांभळी जीभ, आणि पिकल्या द्राक्षांचा वास. मी तराफ्यावर उभाच राहिलो. बलभीम ओरडला म्हणून बसलो.

मी वनस्पतिशास्त्राचा पदवीधर आहे. हे वाक्य वीस वर्षांत कुणाला ऐकवायची संधी मला मिळालेली नव्हती. पहिली ते चौथीला पाढे लागतात, बाराखडी लागते, खिचडी वेळेवर शिजावी लागते, वनस्पतिशास्त्र लागत नाही. त्या संध्याकाळी मी आप्पांच्या कट्ट्यावर जाऊन बसलो आणि वीस वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर काढलं.

"आप्पा, तुमच्या त्या बाभळीवर आहे ना, ते ऑर्किड आहे. वॅन्डा. कुणी रास्ना पण म्हणतं."

"गाव तर बांडगूळ म्हणतंय."

"बांडगूळ झाडाचा रस पितं. झाड मेलं की तेही मरतं. हे झाडाकडून काही घेत नाही. नुसती बसायला जागा घेतं."

"म्हंजी बाभळ त्येनं मारली न्हाय?"

"बाभूळ पाण्यानं मेली. मुळं कुजली तिची."

"बाभळ वाळाया लागली तवा म्या विळा घिऊन गेलतो त्येला काढाया. नागूनं हात धरला." मग त्यांनी विचारलं, "मग त्ये खातंय काय, गुरुजी?"

"हवेतली ओल, पावसाचं पाणी, सालीवरची धूळ."

"म्हंजी उपाशीच की. तरी बी हिरवं." आप्पांनी माझ्याकडे वळून बघितलं. "तुमी लई शिकलाव."

मी फुगलो. का खोटं बोलू? ते बोलत राहिले. नागूबाईच्या मनात आलं होतं की त्यातलं थोडं घराशी लावावं. मग आप्पांनी एक फुटवा आणला, आळं केलं, त्यात काळी माती घातली, वर शेणखत घातलं आणि रोज तांब्याभर पाणी दिलं. आठ दिवसांत ते कुजून काळं पडलं. पुन्हा आणलं, खत वाढवलं, आणखी लवकर कुजलं. मला हसू आवरेना. आमची काळी माती अशी की तिच्यात काहीही टोचलं तर उगवतं, अशी इथल्या माणसाची श्रद्धा. मातीनेच मरणारं झाड असू शकतं, हे आप्पांना कसं सुचावं?

"त्याला माती नको, आप्पा. सुतळीनं सालीला बांधायचं आणि विसरून जायचं."

"इसरून कसं जायचं?" ते म्हणाले.

इतका जीव तोडून तुम्हाला ते घराशी का हवं होतं, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं. नाही विचारलं. मला उत्तरं द्यायची हौस, प्रश्न विचारायची कधीच नव्हती.

गेल्या मे महिन्यात मोतीबिंदूचं शिबिर निघालं. सोलापूरच्या एका दवाखान्यात ऑपरेशन, गाडी येऊन नेणार, सहाव्या दिवशी परत आणून सोडणार. मी आप्पांचं नाव परस्पर लिहून टाकलं. ते तयार होईनात. भीती ऑपरेशनची असेल असं मला वाटलं.

"पाच दिस तिकडं कोण जाणार?"

"कुठं?"

"बाभळीकडं."

"मी जातो की! रोज जातो."

"रोज?"

"रोज. शब्द दिला."

"बोलत बसा उलसं," आप्पा म्हणाले.

थोडंसं बोलायला काय जातंय, म्हणून मी हसून हो म्हटलं. झाडांशी बोलणारे म्हातारे मी पाहिलेले आहेत, त्यातले हे एक, असं समजलो. गाडीत बसताना त्यांनी पुन्हा काचेतून हात काढून माझं मनगट धरलं आणि तेच सांगितलं.

पहिले दोन दिवस मी गेलो. बलभीमच्या तराफ्यावरून गेलो, फुलांचे फोटो काढले, वास घेतला आणि परत आलो. बोललो काहीच नाही, बलभीमसमोर झाडाशी बोलायची लाज वाटली. तिसऱ्या दिवशी मोबाइलवर वादळाचा इशारा आला. बलभीमने आभाळाकडे बघितलं आणि त्याच्या दहा शब्दांतले सगळे वापरून टाकले. "सर, ती बाभळ कलली हाय. वारं सुटलं की गेली समजा."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. झाड पडायच्या आत ते काढायचं. आप्पांच्या अंगणात कडुनिंब आहे, त्याला बांधायचं. म्हातारा नवे डोळे घेऊन जीपमधून उतरेल आणि दारातच त्याला फुलं दिसतील. उद्यापासून तो गाळ नको, ती ट्यूब नको. किती चांगली गोष्ट करतोय मी, या विचाराने मला अगदी भरून आलं. आणि खरं सांगायचं तर माझं शहाणपण दारात टांगून ठेवायची घाईही तेवढीच होती. मातीत दोनदा कुजलेलं झाड मी निंबावर जगवून दाखवणार होतो.

दुपारी गेलो. वारा उठायला लागला होता. बलभीमने तराफा बुंध्याला धरून ठेवला, मी खांदीला दोर टाकून वर चढलो. मुळं सोडेनात. एकेक मूळ चाकूने सोडवावं लागलं, हात सोलून निघाले. शेवटी खालचा बुडखा सालीला तसाच राहिला आणि वरचं सगळं झाड फुलांसकट माझ्या हातात आलं. मोडलेल्या जागेतून पाणी ठिबकत होतं. "चला, सर, चला," बलभीम खालून ओरडत होता. तराफा दोनदा गरकन फिरला. पाणकावळे उडाले, धूळ तलावावरून सरळ आमच्या डोळ्यांत आली, आणि आम्ही कसेबसे काठाला लागलो. संध्याकाळपर्यंत ते निंबाला बांधून झालं होतं. मऊ सुतळी, मागे नारळाचा काथ्या, अगदी पुस्तकात सांगितलेलं तसं. एकही फूल गळलं नव्हतं.

वादळ झालं. शाळेचे दोन पत्रे उडाले. बाभळींपैकी सात पडल्या आणि निम्म्या कलल्या. ते बघून मला वाईट वाटायच्या ऐवजी समाधानच वाटलं. बघा, वेळेवर काढलं.

सहाव्या दिवशी आप्पा आले. हिरव्या पट्टीचा काळा चष्मा, हातात डोळ्यांत घालायच्या थेंबांची पिशवी. जीपमधून उतरले आणि दोन पावलांवर थबकले.

"हितं कसा आला वास?"

मी त्यांना निंबाखाली नेलं. चष्मा वर करून त्यांनी फुलांजवळ तोंड नेलं आणि खूप वेळ बघितलं. "किती बारीक नक्षी हाय," ते म्हणाले. "ती सांगायची तवा कळलं न्हवतं."

कोण सांगायची, ते मी विचारलं नाही. मी शाबासकीची वाट बघत होतो. आप्पा वळले. त्यांच्या अंगणातून तलाव सगळा दिसतो. त्यांनी चष्मा काढला, कपाळावर हात धरला आणि कित्येक वर्षांनी ती बाभळींची रांग स्वच्छ बघितली. एकीवरही हिरवं नव्हतं.

"कंच्या झाडावरनं काढलं?"

"ते बघा, ते..." मी हात उचलला. हात तसाच राहिला. डावीकडची म्हणावी तर तिथं दोन पडलेल्या होत्या. मधली म्हणावी तर मधे सगळ्याच कललेल्या. "तिकडचंच कुठलंतरी. पडलं असेल बहुतेक."

"कंचं?"

"का हो आप्पा? झाड तर मेलेलंच होतं."

त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "गुरुजी, माझी पोरगी हाय तिथं," ते म्हणाले.

मग कट्ट्यावर बसून त्यांनी मला सगळं सांगितलं, जे मी तुम्हाला आधीच सांगून टाकलं आहे. ते सांगत होते आणि मी मोबाइल काढून फोटो बघत होतो. दोन वर्षांत मी त्या झाडाचे साठसत्तर फोटो काढले होते. फूल आणि मागे आभाळ. पान आणि मागे आभाळ. मूळ, पाकळी, जांभळी जीभ. बाभूळ एकाही फोटोत नव्हती.

आप्पा रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "तुमी रोज जात व्हतासा न्हवं?"

"गेलो," मी म्हणालो. आयुष्यात इतकं सरळ तोंडावर खोटं मी क्वचितच बोललो असेन.

"मग बरं. एकलीला भ्या वाटतंय तिला. निजताना नागूचा पदर धरून निजायची."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही शोधायला लागलो. बलभीमला विचारलं तर तो म्हणाला, "आमी बी त्या हिरव्यावरच जात व्हतो, सर. झाड कुठं बघितलं?" त्याने एकदा एक दाखवली, एकदा दुसरी. सालीला राहिलेला बुडखा शोधायचा म्हटलं तर तो दहाबारा फुटांवर. खालून बघितलं तर वाळलेलं मूळ आणि वाळलेली साल एकाच रंगाची. तीन बाभळींवर मी चढलो, तिसरीची खांदी मोडून पाण्यात पडलो आणि गाळात असा रुतलो की बलभीमने दोर टाकून ओढलं. शाळेला सुट्टी होती, कळंबला जायचं होतं, गेलो नाही. बायकोने फोनवर विचारलं, काय चाललंय तिकडे. ऑर्किडवर काम करतोय, असं सांगितलं.

तीन आठवडे आप्पा रोज माझ्याबरोबर आले. प्रत्येक बाभळीला हात लावायचे आणि मान हलवायचे. दिसायला लागलं होतं, पण डोळ्यांनी ओळखावं असं त्यांच्याजवळ काही नव्हतं. नजर होती तेव्हाचा तो बांध, ती विहीर, तो ओढा, सगळं पाण्याखाली. एका सकाळी ते मधेच थांबले आणि म्हणाले, "गुरुजी, त्ये निंबावरचं आणा."

मी आणलं. फुलं गळून गेली होती, पानं ताजी होती. आप्पा चारपाच बाभळींपाशी गेले. एकीला दोन्ही हातांनी धरलं, कपाळ टेकवलं. "हीच," म्हणाले.

"नक्की, आप्पा?"

"आता नक्की."

मी वर चढून ते बांधलं. खालून ते सांगत होते, जरा उजवीकडं, जरा वर. मग त्यांनी पाण्यावर बेलाची पानं सोडली, आणि येताना पहिल्यांदाच माझ्याशी इकडचं तिकडचं बोलले. माझा जीव भांड्यात पडला. गाव पुन्हा तोच विनोद करायला लागलं आणि आप्पा पुन्हा तेच उत्तर द्यायला लागले.

त्याच सुमारास शाळेची जुनी लोखंडी पेटी मी उघडली. बुडालेल्या गावच्या शाळेचं दप्तर तिच्यात आहे, कुणी हात लावत नाही. हजेरीपट, इयत्ता दुसरी, एकोणीसशे नव्व्याण्णव. अकरावं नाव, महानंदा चन्नबसप्पा बिराजदार. जूनमध्ये एकही दिवस खाडा नाही. जुलैत मधे मधे. ऑगस्टच्या बारा तारखेनंतर चौकटी रिकाम्या, आणि त्यांच्यावरून लाल शाईची एक आडवी रेघ. त्या मास्तरांचं अक्षर फार सुंदर होतं. मी पट पेटीत परत ठेवला नाही, माझ्या टेबलात ठेवला.

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. तलाव भरला होता. बलभीम जाळी बघायला निघाला होता, मी उगाच त्याच्याबरोबर गेलो. पाणी सातआठ फूट वर आलेलं, त्यामुळे उन्हाळ्यात ज्या फांद्यांकडे मान मोडेपर्यंत बघावं लागायचं त्या आता तोंडासमोरून जात होत्या. एका कललेल्या बाभळीला तराफा घासला. माझ्या नाकाच्या रेषेत सालीवर मुळं होती. तुटलेली, चाकूने कापलेली, माझ्याच चाकूने. त्यांच्या मधे बुडखा, आणि बुडख्याच्या कुशीतून निघालेली दोन पानं, करंगळीच्या नखाएवढी, पोपटी.

मी मागे वळून बघितलं. आप्पांनी निवडलेली बाभूळ तिथून पन्नासेक पावलांवर होती. तिच्यावर मोठं झाड छान धरलं होतं.

बलभीमनेही बघितलं. त्याने तराफा सोडवला आणि जाळ्यांकडे वळवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आप्पांना सांगायला गेलो. घरी नव्हते, म्हणून काठावर गेलो. ते ट्यूबवर होते, माझ्याकडे पाठ करून, त्या चुकीच्या बाभळीला एक हात लावून. वाऱ्याबरोबर आवाज येत होता. शेजारच्यांच्या म्हशीने काय केलं ते सांगत होते लेकीला, आणि सांगता सांगता स्वतःच हसत होते. नागूबाई गेल्यावर त्यांना असं हसताना मी ऐकलेलं नव्हतं. मी काठावर उभा राहिलो. शब्द तोंडात होते. आप्पा, इथं नाही, तिथं. एवढेच चार शब्द. शाळेची घंटा व्हायची वेळ झाली आणि मी परत फिरलो.

त्या दुपारी मी एकटाच तराफा घेऊन गेलो. ती दोन पानं तोडून टाकावीत म्हणून गेलो होतो, हे लपवत नाही. पानं नसली की प्रश्नच मिटला. आप्पांना त्यांची बाभूळ राहील, मला माझी झोप. चिमटीत धरली सुद्धा. गार होती. आणि मला पाटीवर फूल घेऊन वर्गात शिरणारी पोरगी दिसली, जिला मी कधी पाहिलं नव्हतं. पदर धरून निजणारी. मेपासून तिच्याकडे कुणी आलेलं नव्हतं. रोज कुणीतरी येत होतं, पण पन्नास पावलांवर दुसरीकडेच बसत होतं, आणि ते माझ्यामुळे. मी चिमटी सोडली आणि तिथं तराफ्यावर बसून रडलो.

पानं आता चार झाली आहेत. दोनतीन वर्षांत ती काठावरून दिसतील. आप्पांचे डोळे चांगले आहेत, त्यांनीच मला परवा सांगितलं की पलीकडच्या काठावरच्या शेळ्या मोजता येतात. त्यांना दिसेल, आणि मग ते विचारतील की गुरुजी, तुमाला कधीपास्नं म्हाईत व्हतं. काय सांगायचं ते मी ठरवलेलं नाही. कळंबच्या बदलीचा अर्ज यंदा भरायचा होता, तो भरला नाही. बायको आठ दिवस फोनवर नीट बोलत नव्हती.

सकाळी आप्पा त्यांच्या बाभळीकडे जातात. शाळा सुटल्यावर मी बलभीमचा तराफा मागून घेतो आणि या दुसऱ्या बाभळीकडे जातो. बोलत बसा उलसं, असं त्यांनी सांगितलं होतं. पण मला काय बोलावं ते सुचत नाही. मग मला जे येतं ते करतो. पिशवीतून तो जुना पट काढतो, मांडीवर उघडतो आणि अकरावं नाव मोठ्याने घेतो. महानंदा चन्नबसप्पा बिराजदार. नाव घेतल्यावर वर्गात मी जेवढा वेळ थांबतो, तेवढा थांबतो.